पहिलं क्रोशे ब्लँकेट करताय? आधी साडीचं कपाट उघडा

क्रोशे शिकायला घेतलेल्या माणसाचं गाडं टाक्यांवर फारसं अडत नाही. साखळी, मुका खांब आणि खांब, हे तीन टाके थोड्या सरावाने हाताला बसतात. अडतं ते पुढे. पहिल्याच फटक्यात डबल बेडचं ब्लँकेट काढायला घेतात, दुकानात जे जे रंग डोळ्यात भरले ते सगळे उचलून आणतात, मग अर्धं झाल्यावर लक्षात येतं की हे नुसतं भडक दिसतंय आणि डिझाइन तर कुठे दिसतच नाहीये, आणि ते सगळं पिशवीत जातं आणि पिशवी माळ्यावर. म्हणून इथे टाके थोडक्यात उरकते, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि रंगांवर जरा जास्त बोलते.

आधी ठरवा, कोणासाठी आणि केवढं

पुण्यात थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत येणार, कधी त्याच्याही खाली, आणि दुपारी परत पंखा लावावासा वाटणार. त्यामुळे हिमालयात चालेल असं जाडजूड ब्लँकेट इथे वर्षातले दहा महिने नुसतं जागा अडवतं. हलकं, थोडं जाळीदार, पहाटे अंगावर ओढायला बरं असं काहीतरी करा, ते खरंच वापरलं जातं.

साईझचा साधारण अंदाज असा. बाळाचं दुपटं ७५ बाय ९० सेमी, त्याला मध्यम जाडीची लोकर ३५०-४०० ग्रॅम लागते. सोफ्यावर बसून पायावर घ्यायचं १०० बाय १३० सेमी, त्याला ७००-८०० ग्रॅम. सिंगल बेडचं १५० बाय २२० सेमी, हे दीड ते दोन किलोवर जातं. म्हणजे दुपट्याच्या जवळजवळ पाचपट काम, हे घेताना लक्षात येत नाही, विणताना येतं. पहिलं ब्लँकेट दुपट्याच्या किंवा सोफ्याच्या साईझचंच करा, याबाबतीत मी जरा हट्टी आहे.

बाळासाठी करताय तर दोन गोष्टी. मोठमोठ्या भोकांचं डिझाइन नको, बोटं अडकतात. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना अंगावर मोकळं ब्लँकेट टाकू नका, तोंडावर येऊ शकतं, बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. बाबागाडीत, जमिनीवर खेळताना खाली घालायला, मांडीवर घेतल्यावर, असं आपल्या डोळ्यासमोर वापरायचं. केसाळ लोकर तर बाळासाठी अजिबात नको, तिचे तंतू सुटून तोंडात जातात.

लोकर

आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो पण दुकानात जे मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. त्यात कमीपणा काही नाही. ॲक्रिलिक हलकं असतं, मशीनला धुता येतं, रंग भरपूर, कसर लागत नाही आणि शिकताना दहा वेळा उसवलं तरी जीव जळत नाही. तोटा म्हणजे स्वस्तातलं असेल तर काही महिन्यांत गोळे येतात आणि इस्त्री लागली की संपलं, कायमचं चपटं आणि लिबलिबीत होतं. कॉटन पुण्याच्या हवेला छान, अंगाला गार लागतं, पण जड होतं आणि ताणलं की तसंच राहतं, आणि लोकरीसारखं लवचिक नसल्यामुळे नवशिक्याच्या हाताला दुखतं. मेंढीची खरी लोकर सुंदर, पण महाग, काहींच्या अंगाला खाजते, आणि गरम पाण्यात घालून घुसळली की आटून नमदा होतो. पहिल्या ब्लँकेटला ॲक्रिलिक किंवा ॲक्रिलिक-कॉटन मिक्स घ्या.

नक्की काय आहे कळत नसेल, घरात जुने गुंडे सापडले असतील, तर छोटा तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, कॉटन कागदासारखं जळतं, ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक मणी होतो. तो मणी गरम असताना हात लावू नका.

पुण्यात खरेदी करायची तर तुळशीबाग-लक्ष्मी रोडचा पट्टा, आणि शिलाईचं, लेसचं किरकोळ सामान हवं असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला. वर्धमान, ओसवाल, गंगा हे लुधियानाचे ब्रँड सगळीकडे दिसतील. ऑनलाइनही मिळतं, पण पहिल्यांदा तरी दुकानात जा कारण स्क्रीनवरचा डाळिंबी घरी येईपर्यंत विटकरी झालेला असतो. दुकानात गर्दी नसेल अशा वेळी, म्हणजे शनिवार-रविवार संध्याकाळ सोडून कधीही, आणि रंग पसंत करताना ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही, सरळ म्हणायचं, "काका, दारात नेऊन उजेडात बघू का?" चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

लेबलवर तीन गोष्टी वाचा. जाडी, म्हणजे ४ प्लाय, ८ प्लाय वगैरे. ८ प्लाय नवीन लोकांना सोयीची, फार बारीक नाही, फार जाड नाही. मग मीटर, कारण १०० ग्रॅम सगळ्यांचे सारखे असले तरी लांबी सारखी नसते. आणि लॉट नंबर. हा लोक बघतच नाहीत. एकाच शेडचे दोन गुंडे वेगवेगळ्या लॉटचे असतील तर रंगात किंचित फरक असतो, हातात कळत नाही पण ब्लँकेटवर बरोब्बर पट्टा दिसतो. जो रंग सगळ्यात जास्त लागणार तो एका लॉटमधला एकदमच घ्या, एखादा गुंडा जास्तच घ्या. आणि तरीही कमी पडलाच तर नवा लॉट आणून दोन्ही गुंडे ओळीआड वापरायचे, म्हणजे फरक पसरून जातो.

सुई

८ प्लायला ४ मिमीची क्रोशाची सुई, हात घट्ट असेल तर ४.५. आजीच्या डब्यातली ती बारीक स्टीलची सुई रुमाल आणि तोरणाच्या दोऱ्यासाठी असते, तिने ब्लँकेट होणार नाही. धरायला रबरी मूठ असलेली मिळाली तर बघा, बोटांना आराम पडतो. बाकी कात्री, मोठ्या नाक्याची बोथट सुई, टेप, आणि टाका कुठे आहे ते लक्षात ठेवायला दोनचार सेफ्टी पिना. झालं. ते बारा सुया, चाळीस मार्कर आणि डब्यासकट मिळणारे सेट असतात ना, त्यातल्या दहा सुया तुम्ही कधीच वापरणार नाही.

टाके आणि पहिला चौकोन

साखळी म्हणजे फास करून त्यातून दोरा ओढत जायचं. मुका खांब बुटका आणि घट्ट. खांब उंच, सुईवर आधी एक वेढा घेऊन मग टाक्यात घालायची, दोरा ओढायचा, मग दोन-दोन फास करत दोनदा सोडवायचे. व्हिडिओ बघताना एक घोळ होतो तो आधीच सांगते: अमेरिकन व्हिडिओतला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, आणि ब्रिटिश व्हिडिओतला डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. ओळखायची सोपी खूण, व्हिडिओत कुठेही सिंगल क्रोशे म्हणाले की तो अमेरिकन.

सुरुवात ग्रॅनी स्क्वेअरने करा, म्हणजे मधून सुरू करून फेरी-फेरीने वाढवत नेलेला खांबांचा चौकोन. हा प्रकार जुना आहे, १८८५ मध्ये अमेरिकेतल्या प्रेअरी फार्मर नावाच्या शेतकी साप्ताहिकात असा चौकोन छापून आला होता, उरलीसुरली लोकर वापरायला. अजूनही त्याच्याइतकं सोपं आणि चुका पोटात घालणारं डिझाइन दुसरं नाही.

कसा करायचा: ४ साखळ्या घाला, पहिल्या साखळीत स्लिप स्टिच करून (सुई टाक्यात घालायची, दोरा ओढायचा आणि सुईवरच्या फासातूनही लगेच बाहेर काढायचा) गोल जोडा. पहिली फेरी, ३ साखळ्या वर (हा पहिला खांब धरायचा), त्याच गोलात २ खांब, मग २ साखळ्या, मग परत ३ खांब आणि २ साखळ्या, असं करत तीन-तीन खांबांचे चार गट आणि दोन-दोन साखळ्यांचे चार कोपरे झाले की सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच. दोरा कापा, शेपूट १५ सेमी ठेवा. दुसरी फेरी नवीन रंगाने, कुठल्याही कोपऱ्याच्या भोकात जोडा, तिथे ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब, मग १ साखळी, पुढच्या कोपऱ्यात परत तेच. तिसऱ्या फेरीपासून कोपऱ्यात नेहमीचं, आणि बाजूला जिथे एका साखळीचं भोक आहे तिथे ३ खांबांचा एक गट, दर दोन गटांच्या मधे १ साखळी. बस, एवढंच, कितीही मोठा होईपर्यंत. पाच फेऱ्यांत साधारण १२ सेमीचा चौकोन होतो.

असे चार-पाच चौकोन झाले की दोन रस्ते आहेत. एक, छोटे चौकोन करत राहायचे आणि शेवटी जोडायचे. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या ग्रुपने जगातलं सगळ्यात मोठं क्रोशे ब्लँकेट म्हणून गिनीजमध्ये नोंद केली, ११,१४८.५ चौरस मीटरचं, ते असंच देशभरातल्या बायकांनी आपापल्या घरी केलेले तुकडे जोडून. छोट्या चौकोनाचा फायदा म्हणजे पर्समध्ये मावतो, वनाझ ते रामवाडी मेट्रोत बसल्या बसल्या एक होतो. तोटा म्हणजे जोडणं आणि दोऱ्याची शेपटं लपवणं, ज्याचा बहुतेकांना कंटाळा असतो.

दुसरा रस्ता म्हणजे एकच चौकोन वाढवत न्यायचा, ९० सेमी होईपर्यंत, साधारण ३७-३८ फेऱ्या. जोडायचं काही नाही. पहिल्या ब्लँकेटला मी हाच सांगेन. फक्त एक हिशोब डोक्यात ठेवा. निम्म्या फेऱ्या झाल्या की निम्मं काम झालं असं वाटतं, पण तेव्हा ब्लँकेटचा फक्त पाव भाग झालेला असतो, कारण प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लांब. शेवटच्या दहा फेऱ्यांतच जवळजवळ निम्मं ब्लँकेट असतं. म्हणजे बाहेरच्या फेऱ्यांना जे रंग वापराल तेच ब्लँकेटचे रंग दिसणार, आणि मधोमध हौसेने घातलेला जांभळा कुठच्या कुठे जाणार. लोकर पण तशीच वाटा, जो रंग कमी आहे तो आत संपवा, जो भरपूर आहे तो बाहेर.

लोकर किती लागेल याचा नेमका हिशोब हवा तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. एक चौकोन करा, वजन करा. समजा १२ सेमीचा चौकोन ७ ग्रॅमचा भरला आणि दुपट्याला ६ बाय ८ असे ४८ चौकोन लागणार, तर ३३६ ग्रॅम, वर जोडणी आणि काठ धरून वीस टक्के, म्हणजे ४०० ग्रॅम. दुकानात जाऊन अंदाजपंचे दोन किलो उचलण्यापेक्षा हे बरं.

आता रंग

रंग निवडताना लोक कुठला रंग ते बघतात, पिवळा आवडतो, गुलाबी आवडतो, निळा हवाच. पण ब्लँकेटवर डिझाइन उठून दिसतं की नाही हे त्याच्यावर ठरत नाही, ते ठरतं रंग किती गडद आणि किती फिकट आहे यावर. राणी आणि गडद पोपटी हातात घेतले तर एकदम वेगळे वाटतात, पण दोघांचा गडदपणा जवळजवळ सारखा, शेजारी शेजारी विणले की डोळ्याला चावतात आणि लांबून सगळं एकमेकांत मिसळतं. याची टेस्ट फुकट आहे. दुकानात गुंडे शेजारी ठेवा, फोनवर फोटो काढा, फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. सगळे गुंडे एकाच राखाडी रंगाचे दिसले तर एखादा परत ठेवा आणि त्याच्या जागी एकदम फिकट किंवा एकदम गडद घ्या. फोटोत काळपट, मधला, फिकट असे निदान तीन थर दिसले पाहिजेत. बाकी कलर व्हील वगैरे नंतर शिकलात तरी चालेल.

दुसरा प्रश्न, कुठले रंग एकत्र जातात. इथे इंटरनेटवर तयार पॅलेट शोधत बसायची गरज नाही, आईचं नाहीतर सासूबाईंचं साडीचं कपाट उघडा. विणकरांनी हे प्रश्न कधीच सोडवून ठेवलेत. एखादी साडी पलंगावर पसरा आणि नुसते रंग नाही तर त्यांचं प्रमाण बघा. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या, आणि बुट्टी किंवा काठातली बारीक रेघ तिसऱ्या. तीन रंग पण सारखे वाटलेले नाहीत. दहा भाग धरले तर साधारण सहा भाग अंग, तीन भाग काठ-पदर, एक भाग बुट्टी. ब्लँकेटमध्ये हेच प्रमाण ठेवा. नवशिक्यांचं ब्लँकेट गडबडतं ते इथेच, सात रंग आणि सातही सारखे, मग डोळा कुठे टेकायचा त्यालाच कळत नाही.

इरकल घ्या. अंग गडद, म्हणजे काळपट जांभळं किंवा हिरवं, काठ लाल, आणि त्यात पांढऱ्याची अगदी बारीक खेळी. तो पांढरा काढून टाकला तर अख्खी साडी मंद होईल. चंद्रकळा त्याहून सोपी, काळं अंग आणि लाल काठ, दोनच रंग आणि काय दिसते! खण बघा, गुलबक्षी, चिंतामणी, हळदी असे रंग, आणि त्याला वेगळ्या गडद रंगाचे काठ. पैठणीचा मोरपंखी तर हिरवा आणि निळा असे उभे-आडवे दोन धागे मिळून होतो, म्हणून प्रकाश बदलला की रंग बदलतो. क्रोशात तसं हवं असेल तर दोन बारीक धागे, एक हिरवा आणि एक निळा, एकत्र धरून विणा, सुई मोठी घ्या. अगदी पैठणी होणार नाही पण रंगाला जीव येतो.

साडी नको असेल तर दाराबाहेर बघा. एप्रिल-मे मध्ये बहावा आणि गुलमोहर एकदम फुललेले असतात, हळदी पिवळा, शेंदरी, थोडा पोपटी आणि सगळं बांधायला मोतिया. पावसाळ्यानंतरचा सिंहगड, दोन-तीन प्रकारचे हिरवे, ढगाचा राखाडी, ओल्या मातीचा तपकिरी, आणि सोनकीच्या फुलांचा पिवळा, पण पिवळा अगदी चिमूटभर, दर सहाव्या-सातव्या फेरीला एकदा. हा माझा सगळ्यात लाडका सेट आहे आणि पुरुषमाणसांसाठी काहीतरी करायचं असलं की हाच कामाला येतो, कारण "मला काहीपण चालेल" म्हणणारे काका लोक गुलाबी दिसला की हळूच बाजूला सरकवतात.

सगळे रंग बांधून ठेवणारा एक रंग ठरवून टाका, छोटे चौकोन असतील तर प्रत्येकाची शेवटची फेरी त्याच रंगाची. पांढराशुभ्र शक्यतो नको, शेजारचे रंग कर्कश दिसतात आणि पहिल्या चहाच्या कपालाच सगळं संपतं. मोतिया सगळ्यांशी जमवून घेतो. राखाडीने भडक रंग शांत होतात. काळा किंवा नेव्ही ब्लू लावला तर आतले रंग एकदम चमकतात, पण रात्री काळ्या लोकरीवर टाके दिसत नाहीत, डोळे फोडून घ्यायचे असतील तरच. दिवसाच्या उजेडात करणार असाल तर खुशाल करा.

ठरवलं की लगेच विणू नका. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापा आणि ज्या क्रमाने रंग येणार त्या क्रमाने तिच्यावर लोकर गुंडाळा, जो जास्त तो जास्त वेढे. ही पट्टी टीव्हीपाशी ठेवा आणि दोन दिवस येता-जाता बघा. पहिल्या दिवशी आवडलेला एखादा रंग दुसऱ्या दिवशी खुपायला लागतो, तो उसवण्यापेक्षा पट्टीवरून काढणं सोपं.

एकाच गुंड्यात चार रंग असलेली शेडेड लोकर दुकानात फार मोहात पाडते. छोट्या चौकोनात तिचे रंग कुठेही तुटतात आणि गबाळं दिसतं. घ्यायचीच तर तिच्यासोबत एक प्लेन रंग घ्या आणि दोघांच्या फेऱ्या आलटून-पालटून.

उरलेल्या लोकरीचं करणार असाल तर पिशवीत सगळे छोटे गुंडे टाका आणि न बघता हात घालून निघेल तो रंग वापरा. दोनच नियम, लागोपाठ दोन फेऱ्या एका रंगाच्या नकोत आणि सगळी लोकर एकाच जाडीची हवी. न बघता म्हणजे खरंच न बघता, हां. पिशवीत डोकावायला लागलात की आपोआप आवडते रंग आधी संपतात आणि शेवटी सगळा तपकिरी उरतो.

तापमानाचं ब्लँकेट

हल्ली हा प्रकार बराच चालतो, रोजच्या तापमानाप्रमाणे रंग ठरवायचा आणि रोज एक ओळ. कल्पना मस्त आहे आणि पुण्यात तर करायलाच हवी, हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथेच आलं होतं आणि शिवाजीनगरच्या त्या ऑफिसला अजून सिमला ऑफिस म्हणतात. पण परदेशी पॅटर्न जसाच्या तसा घेतला तर फसगत होते. ते लोक दिवसाचं कमाल तापमान घेतात, थंडीला निळा, उन्हाळ्याला लाल. आपल्याकडे ऑगस्टमध्ये ढगांमुळे कमाल तापमान सरासरी २८ च्या आसपास असतं आणि जानेवारीत ३० च्या आसपास. म्हणजे तुमचं ब्लँकेट म्हणणार की पुण्यात पावसाळा हिवाळ्यापेक्षा थंड! तर आपण किमान तापमान घ्यायचं, रात्रीचं. ते हिवाळ्यात १० च्या आगेमागे आणि मे-जूनमध्ये २३-२४, छान फरक पडतो. दर दोन अंशांना एक रंग धरला तर आठ-नऊ रंगात काम होतं, आणि त्या रंगांची पण ती ब्लॅक अँड व्हाइट टेस्ट करा, थंड बाजूचे गडद आणि उष्ण बाजूचे फिकट असे एका ओळीत लावले तर सुंदर दिसतं.

टाका मात्र मुका खांबच. त्याची ओळ साधारण ६ मिमी, ३६५ ओळी म्हणजे २२० सेमीच्या आत. खांबाच्या ओळी केल्या तर चार मीटरच्या वर जाईल, मग ते जिन्यावर अंथरा.

सरळ ओळींचं करताना तीन गोष्टी. पहिली साखळी घालताना एक नंबर मोठी सुई वापरा, नाहीतर खालची कड आवळते आणि ब्लँकेट पंख्यासारखं पसरतं. प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्याला सेफ्टी पिन लावा, बाजू तिरकी जाते ती शेवटचा टाका राहिल्यामुळेच. आणि रंग बदलताना नवीन ओळीपर्यंत थांबायचं नाही, जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्यात सुईवर दोन फास उरले की तिथेच नवा रंग ओढून घ्यायचा, म्हणजे रंगांची सीमा स्वच्छ येते.

शेपटं, जोडणी, काठ

शेपटं शेवटी करू असं म्हणून ठेवू नका, ४८ चौकोनांची, प्रत्येकात पाच रंग, म्हणजे ४८० शेपटं होतात. प्रत्येक चौकोन झाला की लगेच बोथट सुईत ओवून टाक्यांच्या पोटातून एकदा इकडे, एकदा तिकडे आणि परत एकदा उलट, असं तीनदा फिरवून कापायचं. नुसती गाठ मारून कापलं तर धुण्यात सुटतं. काही शेपटं पुढच्या फेरीच्या खांबांखाली दाबून विणली तरी निम्मं काम वाचतं.

जोडताना आधी सगळे चौकोन जमिनीवर मांडा, फोटो काढा, दोन सारखे शेजारी आलेत का बघा. घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर फोटो जास्तच महत्त्वाचा. सुईने शिवलं तर जोड सपाट बसतो, मुक्या खांबाने जोडलं तर उठावदार रेघ येते, ती बांधणाऱ्या रंगाची असेल तर छान वाटते. आधी सगळ्या आडव्या रांगा जोडा, मग उभ्या, मधे दोरा तोडायचा नाही.

काठाला एक फेरी मुक्या खांबाची सगळीकडून, कोपऱ्याच्या एका भोकात तीन. कड झालरीसारखी लाटा मारायला लागली तर टाके जास्त होतायत, आत ओढली जात असेल तर कमी. त्यावर हवी तर शिंपल्यांची नक्षी करा, पण ज्या ब्लँकेटला मधेच खूप रंग आहेत त्याला साधा काठच बरा दिसतो, साडीचंच बघा ना, भरजरी पदराला गोंडे साधेच असतात.

आणि हो, दर अर्ध्या तासाने सुई खाली ठेवून मनगट फिरवा. दुखायला लागल्यावर थांबायचं हे उशिराचं असतं.

धुणं आणि ठेवणं

गडद लाल, मरून, नेव्ही ब्लू यांचा रंग जातो का ते विणायच्या आधीच बघा, ओल्या पांढऱ्या फडक्यात लोकरीचा तुकडा दाबून ठेवायचा. रंग लागला तर ती लोकर मोतियाशेजारी वापरायची नाही.

ॲक्रिलिकचं ब्लँकेट गार पाण्यात, उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधून मशीनच्या हलक्या सायकलला लावता येतं. पिळायचं नाही. दोरीवर टाकायचं नाही, पाण्याच्या वजनाने लांबत जातं आणि परत येत नाही. चटईवर पसरून, कोपरे हाताने सरळ करून, पावसाळ्यात पंख्याखाली, आणि जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो धुऊच नका, दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास येतो. इस्त्री कधीच नाही, वाकडं बसलेलं सरळ करायचं तर पाण्याचा स्प्रे मारून टाचण्यांनी ताणून वाळवा.

खऱ्या लोकरीचं असेल तर कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला सुती कापडात बांधून सोबत ठेवतात, पण ठेवण्याआधी ब्लँकेट धुतलेलं आणि कडकडीत वाळलेलं हवं, मळक्या लोकरीला कसर आधी लागते. आणि वापरलेल्या प्रत्येक रंगाचा लिंबाएवढा गुंडा, लेबलसकट, एका डब्यात टाकून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी कुठे टाका सुटला, कुत्र्याने कोपरा कुरतडला, तर तोच रंग शोधत परत तुळशीबाग पालथी घालावी लागत नाही.